बॅच नंबर नसलेलं औषध : आरोग्य, वैद्यकीय शिक्षण आणि औषध प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

एकाच पत्रात तिघांना गाठते आहे. टाइप वन मधुमेह झालेल्या पोराचं इन्सुलिन एका खात्याच्या दवाखान्यात, त्याच्यावर उद्या जो उपचार होऊ शकेल तो दुसऱ्या खात्याच्या महाविद्यालयात, आणि त्याच्या आईबापाला लुबाडणारी जाहिरात थांबवण्याचं काम तिसऱ्या कचेरीत. वेगवेगळी पत्रं लिहिली असती तर तिघांनी ती एकमेकांकडे ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ रवाना केली असती आणि मला तीन पोच मिळाल्या असत्या.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात माझं औषधांचं दुकान आहे. लोक त्याला मेडिकल म्हणतात आणि मला मेडिकलवाल्या ताई. इन्सुलिन नेणारे बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले, टाइप टू मधुमेहाचे. हे पत्र त्यांच्यासाठी नाही. आठ, दहा, चौदा वर्षांची जी मोजकी पोरं दर महिन्याला माझ्या फ्रिजमधलं इन्सुलिन नेतात, त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या शरीरातली रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते आणि इन्सुलिन बनणं बंद होतं. गोड खाल्ल्यानं हे होत नाही. आईनं गरोदरपणी काही केलं म्हणूनही होत नाही, हे मला काही सासवांना काउंटरवरून सांगावं लागतं. टाइप टूवाल्याचं औषध आठवडाभर चुकलं तर साखर वाढते. या पोरांचं इन्सुलिन दोन-तीन दिवस चुकलं तर जीव जाऊ शकतो.

अलीकडे त्यांचे आईबाप एक प्रश्न विचारतात. “ताई, स्टेम सेलनं शुगर मुळापासून जाते म्हंतेत. खरं हाये काय? माह्या पोराले करून आणू काय?” मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. मला सरळ ‘हो’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही. स्टेम सेलनं टाइप वन मधुमेहाचं इन्सुलिन सुटलं, हे खरं आहे. पण जे सुटलं ते वेगळ्या वस्तूनं, आणि व्हिडिओत विकतात ती वस्तू वेगळी. हा फरक काउंटरवर उभ्या-उभ्या समजावणं मला जमत नाही; तो सरकारनं समजवावा म्हणून हे पत्र. आधी तो फरक इथे मांडते, कारण पुढच्या माझ्या सगळ्या मागण्या त्यातूनच निघतात.

स्वादुपिंडात पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात, साधारण दहा लाख. १८६९ साली पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्यानं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना आयलेट म्हणतात; सगळे मिळून स्वादुपिंडाच्या वजनाचे जेमतेम एक-दोन टक्के. बीटा पेशी यांच्यातच असतात. मेंदूमृत दात्याच्या स्वादुपिंडातून हे पुंजके सोडवून घ्यायचे आणि रुग्णाच्या यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत सोडायचे, म्हणजे ते यकृतात रुजून तिथे इन्सुलिन बनवू लागतात. २००० साली कॅनडातल्या एडमंटन शहरात जेम्स शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रीतीनं सात रुग्णांचं इन्सुलिन सोडवलं. जगभर गाजावाजा झाला. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा अशा रुग्णांपैकी इन्सुलिनशिवाय राहणारे दहात एकच उरले होते. बाकी बहुतेकांच्या शरीरात थोडंफार इन्सुलिन बनत होतं, साखर अचानक कोसळून बेशुद्ध पडण्याचा त्रास कमी झाला होता. पण सुई परत आली होती.

असं का झालं? आयलेट काढताना एन्झाइम घालून स्वादुपिंड विरघळवावं लागतं. त्यात आयलेटच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या तुटतात. यकृतात पोचताच रक्ताशी गाठ पडते, दाह उठतो, बारीक गुठळ्या होतात. नव्या रक्तवाहिन्या फुटायला एक-दोन आठवडे लागतात, आणि तोवर प्राणवायू अपुरा. पहिल्या काही दिवसांतच निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त आयलेट मरतात, असा अंदाज आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल: संत्र्याचं रोप मुळांची माती झटकून उपटलं आणि वैशाखात लावलं तर किती जगतील? म्हणून एका रुग्णाला बहुधा दोन दात्यांची स्वादुपिंडं लागतात. आणि दाते कुठे आहेत? आपल्या देशात मरणोत्तर अवयवदान दर दहा लाख लोकसंख्येमागे एकही होत नाही.

इथे स्टेम सेल दोन वेगवेगळ्या वाटांनी येतात.

पहिली वाट मदतनिसाची. अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून मिझेन्कायमल नावाच्या स्टेम सेल मिळतात. त्या आयलेटच्या जोडीनं दिल्या तर रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीचं काम करतात. रक्तवाहिन्यांना बोलावणारी द्रव्यं सोडतात, दाह कमी करतात, प्रतिकारशक्तीचा हल्ला थोडा बोथट करतात. उंदरांमध्ये हे अनेकदा दिसलं आहे. माणसांमध्ये काम अजून लहान प्रमाणावर आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या वैद्यकीय विद्यापीठात जुनाट स्वादुपिंडदाहामुळे ज्यांचं स्वादुपिंड काढावंच लागलं, अशा काही रुग्णांना त्यांचेच आयलेट त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या स्टेम सेलसोबत परत दिले गेले. एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवावी अशी आहे: या स्टेम सेल स्वतः इन्सुलिन बनवत नाहीत. आयलेट असतील तर त्या त्यांना जगवतात. आयलेटच नसतील तर जगवणार कोणाला?

दुसरी वाट आयलेटच तयार करण्याची. हार्वर्डचे डग्लस मेल्टन यांच्या मुलाला आणि मुलीला, दोघांनाही टाइप वन आहे. त्यांच्या प्रयोगशाळेनं २०१४ मध्ये स्टेम सेलपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मोठ्या संख्येनं तयार करून दाखवल्या. पुढे व्हर्टेक्स कंपनीनं ते काम विकत घेतलं आणि जून २०२५ मध्ये निकाल छापून आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. बारा म्हणजे फार थोडे, पण दात्याच्या स्वादुपिंडावर विसंबून न राहता हे झालं, ही मोठी गोष्ट. त्याआधी २०२४ मध्ये चीनमधला एक निकाल छापून आला: एका पंचवीस वर्षांच्या तरुणीच्या स्वतःच्या चरबीतल्या पेशींना स्टेम सेलमध्ये बदलून त्यांच्यापासून आयलेट बनवले आणि पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवले. अडीच महिन्यांनी तिचं इन्सुलिन सुटलं. स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या हाताच्या कोपराखालच्या स्नायूत, प्रतिकारशक्तीला ओळखू येणार नाहीत अशा रीतीनं जनुकं बदललेल्या दात्याच्या पेशी ठेवल्या. त्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या कोणत्याही औषधाशिवाय टिकल्या आणि थोडं इन्सुलिन बनवू लागल्या. मात्रा कमी होती, त्यामुळे त्याची सुई सुटलेली नाही.

दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण फुकटच्या नाहीत. व्हर्टेक्सच्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. त्या चाचणीत दोन रुग्ण दगावले. त्यातल्या एकाला बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाचा दाह झाला होता. चीनमधली ती तरुणी यकृत प्रत्यारोपणामुळे आधीपासूनच ही औषधं घेत होती. क्षयरोग ज्या भागात घराघरांत माहीत आहे तिथे प्रतिकारशक्ती दाबणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच लहान मुलांवर हे सर्रास होत नाही. इन्सुलिनवर व्यवस्थित चाललेल्या दहा वर्षांच्या मुलाला आजच्या घडीला ही औषधं देणं मला तरी योग्य वाटत नाही, मग उपचार फुकट मिळाला तरी.

आता जे विकलं जातं त्याकडे येते.

माझ्या गिऱ्हाइकांपैकी एका कुटुंबानं गहाण ठेवलेल्या शेताच्या पैशांतून मुलाला दूरच्या एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. पोटावरची चरबी काढली, त्यातून ‘पेशी वेगळ्या केल्या’, सलाईनमधून दिल्या आणि इन्सुलिन हळूहळू कमी करा असं सांगितलं. सुरुवातीला साखर खरंच आटोक्यात राहिली. यातली मेख अशी की मुलाचं निदान होऊन काही आठवडेच झाले होते. टाइप वनमध्ये इन्सुलिन सुरू केल्यावर उरलेल्या बीटा पेशी थोड्या सावरतात आणि काही महिने इन्सुलिन फार कमी लागतं. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. काही न करताही हे होतं, आणि काही न करताच ते संपतं. नेमक्या याच काळात पेशी दिल्या की यशाचा व्हिडिओ आयता तयार होतो. तो संपल्यावर काय झालं याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. या मुलाला उलट्या आणि धाप लागली. गावच्या डॉक्टरनं पोटाचं इन्फेक्शन समजून ग्लुकोजची सलाईन लावली, आणि अकोल्याला पोचेपर्यंत तो गुंगीत गेला होता. वाचला. शेत अजून सुटायचं आहे.

बापानं मला बिल दाखवलं. मी औषधं विकणारी बाई. माझी नजर आधी बॅच नंबर शोधते. माझ्या दुकानात पाच रुपयांच्या गोळीच्या पाकिटावरही बॅच नंबर असतो, उत्पादन तारीख, मुदत, उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. औषध निरीक्षक येतात तेव्हा फ्रिजमधला थर्मामीटर पाहतात, शेड्यूल एच वनची, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या विक्रीची वही पाहतात, बिलाशी बॅच जुळवून घेतात. बरोबरच आहे, तसंच व्हायला हवं. एकदा तर वहीतल्या एका खाडाखोडीवरून मला अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. आणि ज्या वस्तूसाठी या माणसानं शेत गहाण टाकलं, तिच्या बिलावर फक्त ‘सेल थेरपी पॅकेज’ एवढंच लिहिलेलं. किती पेशी दिल्या, त्यातल्या किती जिवंत होत्या, जंतू आहेत की नाहीत हे कोणी तपासलं, कोणत्या प्रयोगशाळेत तयार केल्या, काही नाही. ते मागायला त्या दारावर कोणता निरीक्षक गेला?

कायदा नाही असं म्हणता येणार नाही. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ चा आहे आणि ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत मधुमेह आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण वगळता, मान्यता मिळालेल्या चाचणीबाहेर रुग्णाला स्टेम सेल देणं अनैतिक आहे आणि त्याची जाहिरातही करता येत नाही. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन ‘नवीन औषध’ धरलं आहे. यावर या दवाखान्यांचा ठरलेला बचाव असतो: पेशी तर तुमच्याच आहेत, यात औषध कुठे आहे? मग मी म्हणते, औषध नसेल तर मधुमेह बरा होतो असं सांगून पैसे कशाचे घेता?

आमच्या भागात या जाहिरातींवर विश्वास बसायला एक कारण आणखी आहे, आणि ते लोकांच्या अडाणीपणाचं नाही. विदर्भाला सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार माहीत आहे. त्यावर अस्थिमज्जेतल्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण हा खरा, मान्य झालेला, आजार मुळातून घालवणारा उपचार आहे, हेही लोकांच्या कानावर आलं आहे. ‘त्याच्यावर चालते, मग याच्यावर काऊन नाही?’ हा प्रश्न अगदी शहाण्या माणसाचा आहे. त्याचं उत्तर गावागावात आरोग्य विभागानं द्यायचं, तर ते व्हिडिओवाले देतात.

म्हणून माझी पहिली मागणी. प्रत्येक जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांनी मधुमेहाचे असे फलक, पत्रकं आणि व्हिडिओ यांवर १९५४ च्या कायद्याखाली नोटिसा काढाव्यात. आणि ग्रामीण रुग्णालयांत, आरोग्य केंद्रांत, आमच्यासारख्या दुकानांत लावायला एक पान छापावं. त्यात मोठ्या अक्षरांत दोनच गोष्टी असाव्यात. खऱ्या चाचणीची नोंद भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदणीत असते, ती कोणालाही फुकट पाहता येते. आणि चाचणीसाठी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. उलट इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. पैसे मागितले की समजा, चाचणी नाही.

दुसरी गोष्ट थोडी लांबवून सांगते, कारण तिथेच माझा रोजचा दिवस जातो.

खरा उपचार येईल तेव्हा तो घेण्याजोगं शरीर उरायला हवं. आयलेट टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी जी टॅक्रोलिमससारखी औषधं द्यावी लागतात ती मूत्रपिंडाला त्रास देतात. ज्यांची मूत्रपिंडं आधीच थकली आहेत त्यांना अशा उपचारात सहसा घेत नाहीत. आम्ही राहतो खारपाणपट्ट्यात, जिथे भूजल खारट आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी जुन्या. त्यात पोराची साखर दहा वर्षं चढी राहिली, तर उपचार आला त्या दिवशी डॉक्टर म्हणतील, उशीर झाला. म्हणजे आज साखर तपासायची पट्टी मिळते की नाही यावर उद्याचा स्टेम सेलचा उपचार अवलंबून आहे. ही दोन वेगळी खाती नाहीत.

आता पट्टीचा हिशेब करू. तीस किलोच्या मुलाला दिवसाला पंचवीस-तीस युनिट इन्सुलिन लागतं. मिलीलिटरला चाळीस युनिट असलेल्या साध्या ह्यूमन इन्सुलिनच्या दहा मिलीलिटरच्या व्हायलमध्ये चारशे युनिट असतात. महिन्याला दोन व्हायल, क्वचित तीन. एकीची किंमत दीडशे-पावणेदोनशे. म्हणजे इन्सुलिन चार-पाचशे रुपयांत भागतं. पण दिवसातून चार वेळा साखर तपासायची तर पंधरा-वीस रुपयांच्या चार पट्ट्या, महिन्याला दोन हजारांच्या घरात. मजुरीवर जगणारा माणूस इन्सुलिन घेतो आणि पट्ट्या टाळतो. मग डोस अंदाजानं. सरकारी दवाखान्यात इन्सुलिन मिळालं तरी पट्ट्यांचं काय, हे कोणी विचारत नाही. महात्मा फुले योजना पोरगं बेशुद्ध होऊन दाखल झालं की कामाला येते. ते बेशुद्ध होऊ नये म्हणून रोज जे लागतं त्यासाठी नाही.

सुईची गोष्ट वेगळीच. बाटलीतलं इन्सुलिन चाळीसचं असेल तर सिरींज लाल टोपणाची हवी. नारिंगी टोपणाची शंभरच्या इन्सुलिनसाठी असते. चाळीसच्या बाटलीतून नारिंगी सिरींजनं त्याच आकड्यापर्यंत भरलं तर मुलाला जेमतेम चाळीस टक्के डोस जातो, आणि उलट केलं तर अडीचपट. शहरात इन्सुलिन पेन वापरणारा मुलगा गावातल्या बाटलीवर आला की हा घोळ हमखास होतो. मी प्रत्येक वेळी टोपणाचा रंग विचारते. सगळी दुकानं विचारतात असं मी शपथेवर सांगणार नाही.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये अकोला, अमरावती पंचेचाळीसच्या पुढे जातं. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. वापरात काढलेली बाटली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण घराचं तापमान पंचवीस-तीसच्या आत असेल तर. टिनाच्या घरात, लाईन गेलेली असताना दुपारी किती असतं ते सांगायला नको. मी लोकांना मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, असं करायला सांगते. मडकं सावलीत आणि वाऱ्याला ठेवायचं. सव्वाशे रुपयांत काम भागतं. इतकी साधी गोष्ट एकाही सरकारी पत्रकात मी पाहिलेली नाही.

देशाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात मधुमेहाची तपासणी तीस वर्षांपुढच्यांची होते. आशाताईंच्या फॉर्मवर या पोरांचा रकाना नसतो. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे एक ग्लुकोमीटर आणि एक सूचना असली तरी पुष्कळ होईल: पोरगं खूप पाणी पितं, रात्री उठून लघवीला जातं, वाळत चाललं आहे, की बोटातून एक थेंब रक्त घ्या. उलट्या आणि धाप लागलेल्या पोराला ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी साखर बघा, एवढी एक ओळ तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर गेली तर काही पोरं अकोल्यापर्यंत शुद्धीत पोचतील. पूर्व विदर्भासाठी त्यात आणखी एक ओळ हवी. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी खोटी कमी येऊ शकते. अहवाल छान, पोरगं आजारी.

केरळ सरकार ‘मिठायी’ नावाची योजना चालवतं. त्यात टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन आणि तपासणीची साधनं सरकार देतं. आपल्याला तेवढंही नको असेल, तर निदान जिल्हावार नोंद सुरू करा. नोंद झाली की खरेदी करता येते. आणि उद्या खऱ्या चाचणीसाठी रुग्ण शोधायची वेळ आली तर यादी हाताशी असेल.

तिसरी मागणी वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांकडे, आणि ती ऐकून आपण हसाल याची मला कल्पना आहे. नागपुरात आयलेट वेगळे काढणारी एक सरकारी प्रयोगशाळा हवी.

एकच हवी, जिल्ह्याजिल्ह्यात नको. आणि सुरुवात टाइप वनच्या पोरांपासून करायचीच नाही. सुरुवात करायची जुनाट स्वादुपिंडदाहाच्या त्या रुग्णांपासून, ज्यांचं स्वादुपिंड वेदनांमुळे काढावं लागतं. स्वादुपिंड गेलं की मधुमेह येतोच. पण काढलेल्या स्वादुपिंडातले त्याचेच आयलेट सोडवून त्याच्याच यकृतात परत दिले तर तो बराच टळतो किंवा सौम्य होतो. पेशी स्वतःच्या, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबायची गरज नाही. मिनेसोटा विद्यापीठानं हे १९७७ पासून केलं आहे. आयलेट काढण्याचं कौशल्य हातात बसायला याहून सुरक्षित जागा नाही, आणि मिझेन्कायमल स्टेम सेलची जोड देऊन आयलेट जास्त जगतात का, हे माणसांवर तपासायलाही हीच जागा योग्य. साउथ कॅरोलायनावाल्यांनीही इथूनच सुरुवात केली. नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र मेंदूमृत दात्यांचं काम पाहतंच. आपल्याकडे मूत्रपिंड, यकृत वापरलं जातं आणि स्वादुपिंड फार क्वचित. एकदा हात बसला की तेही वाया जाणार नाही.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येणारच. सिकलसेलवर जनुक दुरुस्त करणारा कॅसजेव्ही हा उपचार २०२३ च्या अखेरीस परदेशात मंजूर झाला. तो बनवणारी कंपनीही हीच व्हर्टेक्स, एका भागीदारासोबत. अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर. गडचिरोलीच्या पोराला त्याचा उपयोग काय? टाइप वनचा उपचार तयार होऊन आला की हेच होणार, जर आपण फक्त गिऱ्हाईक म्हणून वाट बघत बसलो. उलट उदाहरणही याच राज्यातलं आहे. रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी ही पेशींची उपचारपद्धती मुंबईच्या आयआयटीनं आणि टाटा मेमोरियलनं मिळून इथेच तयार केली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिला मंजुरी मिळाली आणि किंमत परदेशी उपचाराच्या साधारण दशांश आली. मुंबईत रक्तातल्या पेशींचं जे जमलं ते नागपुरात आयलेटचं जमणार नाही, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. वेळ लागेल. दहा वर्षं लागली तरी आज आठ वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा अठराचा असेल.

तिन्ही कामांत आधी कोणतं, असं विचाराल तर जाहिरातींचं. त्याला इमारत लागत नाही, निधी लागत नाही, नवा कायदा लागत नाही. ती स्टेम सेलची दुकानं उघडी राहिली तर तुमची नागपूरची प्रयोगशाळा दहा वर्षांनी तयार होईल तेव्हा लोक म्हणतील, हे स्टेम सेल आम्ही पाहिलेत, आमचं शेत गेलं त्याच्यात.

माझ्याकडे या भागात वाटली गेलेली पत्रकं आणि गिऱ्हाइकांनी पाठवलेले व्हिडिओ जमा आहेत. त्या कुटुंबाचं बिलही त्यांनी नाव झाकून द्यायचं कबूल केलं आहे. कोणत्या कचेरीत, कोणाच्या टेबलावर आणून द्यायचं तेवढं कळवावं. गुरुवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी अमरावतीला येता येईल.

आपली,
एक औषधविक्रेती
ता. दर्यापूर, जि. अमरावती